एक खिडकी, काळी घोंगडी आणि चार सेकंद: कॅमेरॉनबाईंच्या धर्तीवर पोर्ट्रेट

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती कॅमेरा आला तो डिसेंबर १८६३ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी. मुलगी आणि जावयाने दिलेली ती भेट होती. बाईंचा जन्म १८१५ सालचा, कलकत्त्याचा. लग्नही तिथेच झालं. भारतीय दंडसंहितेचा पहिला मसुदा ज्या कायदा आयोगाने केला, त्यावर मेकॉलेबरोबर त्यांचे पती चार्ल्स कॅमेरॉनही होते. पुढे हे कुटुंब इंग्लंडला गेलं आणि आइल ऑफ वाइटवरच्या फ्रेशवॉटर गावी स्थिरावलं. तिथे बाईंनी कोळशाच्या खोलीची डार्करूम केली, कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ केला, आणि जानेवारी १८६४ मध्ये अ‍ॅनी फिलपॉट या लहान मुलीचा फोटो काढून त्याला स्वतःचं पहिलं यश म्हटलं. त्या काळच्या छायाचित्रण-पत्रिकांनी मात्र नावं ठेवली: फोकस नाही, काचेवर डाग आहेत, हलगर्जी काम आहे.

आज त्यांच्या धर्तीवर फोटो काढायला निघालेले बरेच जण हीच नावं ठेवलेली यादी उचलतात. सॉफ्ट फिल्टर लावतात, वरून ओरखड्यांचा थर चढवतात, सेपिया करतात आणि मोकळे होतात. असा फोटो जुना दिसतो, पण कॅमेरॉनसारखा दिसत नाही. त्यांच्या फोटोत धूसरपणा दोन वेगळ्या कारणांनी येतो. एक खोलीचा, म्हणजे जवळ-लांबच्या अंतराचा: डोळे स्पष्ट आहेत तोवर कान विरघळलेला असतो. दुसरा काळाचा: तीन-चार मिनिटं बसलेल्या माणसाचा श्वास त्या काचेवर (तेव्हा फिल्मच्या जागी काच असे) उतरलेला असतो. फिल्टर यातलं काहीच करत नाही, तो सगळा चेहरा सारखाच पुसट करतो. म्हणून ही दोन कारणं खरीखुरी घडवायची. ते घरच्या घरी जमतं.

उजेड

एकच खिडकी वापरायची. साधारण ३ फूट बाय ४ फुटांची पुरते. खोलीतल्या बाकीच्या खिडक्या बंद, ट्यूबलाइट बंद, दारातून येणारा उजेडही बंद. दुसरा उजेड थोडा जरी उरला तरी सावलीच्या गालावर येऊन बसतो आणि चेहऱ्याची गोलाई जाते.

खिडकीचा खालचा भाग झाका. जमिनीपासून चार फुटांपर्यंत पुठ्ठा किंवा जाड चादर लावली की उजेड वरून तिरपा येतो. भुवईखाली, नाकाखाली, खालच्या ओठाखाली सावली पडते आणि कवटीचा आकार कळतो. लेखक टॉमस कार्लाइल किंवा खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांची १८६७ची पोर्ट्रेट समोर ठेवून बघा: कपाळ उजळलेलं, डोळ्यांच्या खोबणी काळोखात, आणि त्या काळोखातून बुबुळ लुकलुकतंय. उजेड खालून भरला असता तर हे झालंच नसतं.

आपल्याकडे खिडकीला लोखंडी ग्रिल असतं. ते बुबुळात जाळीसारखं उमटतं, आणि जवळ बसलं तर गालावर पट्टेही पडतात. आतल्या बाजूने पांढरं मांजरपाट किंवा जुनं धुतलेलं धोतर एकपदरी ताणून लावा. उजेड साधारण एका स्टॉपने (म्हणजे निम्म्याने), कापड जाड असेल तर दीड स्टॉपने कमी होईल, पण ग्रिल नाहीसं होईल. कापड अगदी पांढरंच हवं. पिवळट पडलेलं नको. त्याचं कारण पुढे रंगांच्या भागात येईल.

उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही हे युरोपातल्या पुस्तकांतलं गणित आहे, इथे ते पूर्ण लागू पडत नाही. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य भर दुपारीसुद्धा उत्तरेकडे असतो, आणि मार्च ते सप्टेंबर सकाळी लवकर व संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन शिरतं. त्यामुळे दिशेपेक्षा वेळ बघा. ज्या दोन तासांत खिडकीत ऊन नाही पण आकाश उघडं दिसतंय, ते दोन तास आपले. पावसाळ्यातलं करडं आभाळ तर सर्वांत उत्तम. समोरच्या बिल्डिंगला पिवळा किंवा विटकरी रंग असेल तर खिडकीतून येणारा उजेडही त्याच रंगाचा असतो. अशा वेळी दुसरी खोली शोधावी.

पाठीमागे आणि बाजूला

मागे काळी घोंगडी लावा. हे गंमत म्हणून नाही. सॅटिन किंवा पॉलिस्टरचं काळं कापड चमकतं, त्याच्या घड्या दिसतात आणि फोटोत ते करडं येतं. घोंगडीची खरखरीत लोकर उजेड गिळून टाकते. घोंगडी नसेल तर काळं मखमली कापड, लवेच्या दिशेने हात फिरवून बसवलेलं. माणूस आणि पडदा यांत किमान ५ फूट अंतर ठेवा, आणि पडदा खिडकीच्या सरळ रेषेत येऊ देऊ नका.

लहान फ्लॅटमधली मुख्य अडचण म्हणजे पांढऱ्या भिंती. खिडकीतून आलेला उजेड समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि सावलीची बाजू भरून काढतो. म्हणून सावलीच्या बाजूला, चेहऱ्यापासून फूट-दीड फुटावर, फ्रेमच्या जेमतेम बाहेर दुसरं काळं कापड उभं करा. कपडे वाळत घालायचा स्टँड यासाठी फार सोयीचा. कापड आणलं आणि हलवलं की गालावरची सावली कशी दाट-विरळ होते ते डोळ्यांनाच दिसतं. पूर्ण काळी मात्र करू नका. सावलीतल्या गालावर त्वचेचा पोत किंचित तरी दिसायला हवा.

खुर्ची खिडकीपासून ३ फुटांवर, बाजूने. चेहरा कॅमेऱ्याकडे सरळ ठेवला तर अर्धा उजळ, अर्धा काळा होईल. कॅमेरॉनबाईंच्या भाचीचं, ज्युलिया जॅक्सनचं, १८६७चं समोरून काढलेलं पोर्ट्रेट जवळपास असंच आहे. चेहरा खिडकीकडे २० ते ३० अंश वळवला तर सावलीच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटतो. सुरुवातीला त्रिकोणच बरा. अर्धा-अर्धा चेहरा पेलायला नाकाची ठेवण आणि मान दोन्ही साथ देणारी लागतात.

लेन्स आणि अंतर

१८६६ पासून कॅमेरॉनबाई १५ बाय १२ इंची काच बसणारा मोठा कॅमेरा वापरू लागल्या. त्यावर ३० इंच फोकल लेंग्थची डालमायर लेन्स होती, एफ/८ची (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि स्पष्टतेची पट्टी अरुंद). आजच्या माणसाला एफ/८ म्हणजे सगळं स्पष्ट, असं वाटतं. पण काचेचा आकार बघा. कर्णांच्या हिशेबाने आजच्या फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी) सेन्सरच्या ती ११ पट मोठी आहे. त्याच दृश्यासाठी तेवढीच उथळ खोली हवी असेल तर फुल फ्रेमवर साधारण ६८ मिमी, एफ/०.७ची लेन्स लागेल. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या बहुतेक लेन्स त्यापुढे फिक्या. शिवाय कॅमेरॉनबाईंना डोकं काचेवर जवळपास खऱ्या आकाराचं हवं असे. खऱ्या आकाराइतकं चित्र घ्यायचं तर लेन्स आणि काच यांतलं अंतर दुप्पट करावं लागतं, आणि काचेवर पोचणारा उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. एक्स्पोजर मिनिटांत का जायचं, त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे. उरलेलं निम्मं काचेवरच्या कलोडियन या प्रकाश टिपणाऱ्या लेपाच्या मंदपणात.

आपल्याकडे ५० मिमी एफ/१.८ आणि साधा क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमहून लहान) कॅमेरा असेल तर सव्वा मीटरच्या आतबाहेर उभं राहिल्यावर स्पष्टतेची पट्टी साधारण ४ सेमी मिळते. फुल फ्रेमवर ८५ मिमी एफ/१.८ आणि दीड मीटर अंतर, तरी साडेतीन सेमीच्या आसपास. जवळच्या डोळ्यावर फोकस ठेवला की नाकाचा शेंडा सुटू लागतो आणि कान पूर्ण विरघळतो. किट लेन्सवर ५५ मिमीला एफ/५.६ असतं, पट्टी १० सेमीची होते. तीही चालेल, पण मग धूसरपणाचं काम काळाकडून करून घ्यावं लागेल.

फ्रेम भरा. हनुवटीखाली खांद्याची जेमतेम सुरुवात, वर केसांवर दोन बोटं जागा. डोकं उंचीच्या दोन तृतीयांश तरी हवं. एवढ्या जवळ २८ मिमी किंवा ३५ मिमी लेन्स घेतली की नाक फुगतं आणि कान मागे पळतात, म्हणून रुंद लेन्स नकोच.

फोन असेल तर दोनपट किंवा तीनपट टेलिफोटो वापरा आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. त्यातला धूसरपणा हिशेबाने चिकटवलेला असतो. तो केसांच्या मोकळ्या बटा कापतो, कान आणि पार्श्वभूमीच्या सीमेवर कात्री लावल्यासारखी कड सोडतो, आणि नाकापासून कानापर्यंत हळूहळू विरत जाणं त्याला क्वचितच जमतं. फोनवर खरी खोली मिळणार नाही हे मान्य करून काळाच्या वाटेने जाणं जास्त प्रामाणिक.

केस, कपडे, चश्मा

हर्शेल यांचा फोटो काढताना बाईंनी त्यांना केस धुवायला लावले होते, पांढऱ्या बटा पिंजारून उजेड पकडाव्यात म्हणून. ही सूचना आपल्याकडे तर सोन्यासारखी आहे. फोटो म्हटला की घरातली माणसं तेल लावून, चापूनचोपून भांग पाडून बसतात. तेलकट केसांचा एक चकचकीत गोळा होतो. त्यावर उजेडाचा एकच पांढरा ओघळ पडतो आणि बाकी सगळं काळं. आदल्या दिवशी केस धुवा, पूर्ण वाळू द्या, फोटोच्या वेळी बोटांनी मोकळे करा. कंगवा नको.

चश्मा रोजचा असेल तर फोटोच्या अर्धा तास आधी काढून ठेवायला सांगा. नाकावरचे लालसर वण जायला तेवढा वेळ लागतो, आणि खाली सांगितलेल्या निळ्या पद्धतीत लाल वण काळे डाग होऊन येतात. खांद्यावर साधी शाल, उपरणं, सुती चादर, काहीही चालेल. छापील फुलं, लोगो, कॉलर आणि बटणं नकोत. कापड गळ्याभोवती सैल गुंडाळा आणि घड्या पडतील तशा पडू द्या.

निळी नजर

हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच फोटो आधुनिक दिसू लागतो.

कॅमेरॉनबाईंच्या काचेवर ओलं कलोडियन असे. ते मुख्यतः निळ्या, जांभळ्या आणि अतिनील उजेडालाच जागं होतं. लाल, केशरी, पिवळा त्याला जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे निळे डोळे पाण्यासारखे फिके येतात, गोऱ्या कातडीवरचे वांग गडद होतात, ओठ काळसर होतात, आकाश कोरं पांढरं. आपल्या घरात हीच नजर लावून पाहा. कुंकू काळं होईल. हळदीच्या रंगाची साडी गडद होईल, तिची जर त्याहून गडद. निळीत रंगवलेलं इंदिगो लुगडं बरंच फिकं होईल. लाल पागोटं काळं दिसेल. कपडे निवडताना डोळ्यांना काय दिसतं ते विसरून हे गणित धरा. गडद वेश हवा असेल तर काळा शोधायची गरज नाही, विटकरी किंवा मोहरी रंगाचं काहीही घ्या. सावलीत त्याचा पोतही काळ्यापेक्षा चांगला उतरतो.

डिजिटलमध्ये हे करायचं तर फोटो रंगीत आणि रॉ फॉरमॅटमध्ये (कॅमेऱ्याची न दाबलेली मूळ फाइल) काढा, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर बांधून ठेवा, आणि नंतर निळ्या चॅनेलवरून कृष्णधवल करा. जिम्पमध्ये मोनो मिक्सर, फोटोशॉपमध्ये चॅनेल मिक्सर. शंभर टक्के निळा घेतला तर सावळी कातडी फार गडद होते आणि प्रत्येक पुटकुळी वर येते. निळा ६०, हिरवा ४०, लाल ० इथून सुरुवात करा आणि चेहरा बघत निळा वाढवा. लाइटरूम वापरणारे इथे हमखास फसतात. तिथला निळा स्लायडर निळं चॅनेल हलवत नाही, फोटोत जिथे निळा रंग आहे तेवढाच भाग हलवतो. चेहऱ्यावर निळा नसतोच, त्यामुळे काहीच घडत नाही. तिथे केशरी, लाल आणि पिवळा खाली ओढावे लागतात. फोनवर स्नॅपसीडच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगीत फिल्टर आहेत, त्यांतला निळा निवडायचा.

निळं चॅनेल सर्वांत दाणेदार असतं. पिवळ्या बल्बच्या उजेडात तर त्यात काही उरतच नाही. म्हणूनच वर पांढरं कापड, करडं आभाळ आणि पिवळी बिल्डिंग टाळणं एवढं सांगितलं. जेपेग फाइलमधून निळं काढलं तर गालांवर चौकटी-चौकटी दिसतात. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) १०० च्या वर शक्यतो नेऊ नये.

किती सेकंद

करड्या दिवशी, मांजरपाटामागे, खिडकीपासून ३ फुटांवर, आयएसओ १०० आणि एफ/१.८ला शटर साधारण १/४० सेकंदाच्या आसपास येतं. प्रत्येक खोलीत ते वेगळं असेल. मोजणी उजळ गालावर, स्पॉट मीटरने (एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणारी कॅमेऱ्यातली सोय) करा. अख्ख्या फ्रेमवर मोजली तर काळ्या पडद्यामुळे कॅमेरा गोंधळतो आणि चेहरा पांढरा करून ठेवतो. सावळ्या गालावर मोजलं असेल तर दाखवलेल्यापेक्षा २/३ स्टॉप कमी द्या.

आता १/४० चे दोन-चार सेकंद करायचे आहेत. एनडी६४ फिल्टर (उजेड चौसष्टाव्या हिश्श्यावर आणणारी करडी काच) लावला की १/४० चे दीड सेकंदाहून थोडे जास्त होतात. दुपारनंतर उजेड अर्ध्यावर आला की तेच तीन सेकंद. फिल्टर नसेल तर दुसरा मार्ग: ट्रायपॉडवरून १/१० सेकंदाचे फोटो लागोपाठ काढा (तेवढं शटर मिळवायला ॲपर्चर एफ/३.५ पर्यंत बंद करावं लागेल, किंवा कापडाचा आणखी एक-दोन पदर लावून उजेड कमी करा) आणि नंतर त्यांची सरासरी घ्या. आठ फोटो असतील तर जिम्पमध्ये थरांवर थर ठेवून खालून वर अपारदर्शकता १००, ५०, ३३, २५, २०, १७, १४, १२.५ टक्के द्या. निळ्या चॅनेलचे दाणेही यात आपोआप विरतात, म्हणून स्वस्तातला असला तरी हा मार्ग काही बाबतींत फिल्टरपेक्षा सरस आहे. फोनवर प्रो मोडमध्ये आयएसओ ५०, शटर १ ते २ सेकंद, सूर्यास्तानंतरच्या वीस मिनिटांत. करड्या काचेचा पोलराइज्ड गॉगल लेन्ससमोर धरला तरी दोन-अडीच स्टॉप मिळतात. तपकिरी काचेचा नको, तो नेमका निळाच खातो. नाइट मोड बंद हवा, कारण तो हललेल्या चौकटी जुळवून हालचाल पुसून टाकतो आणि आपल्याला तर तीच हवी आहे.

सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे अर्धा सेकंद. तेवढ्यात डोकं एकाच दिशेने सरकतं आणि पापणीला, ओठाला दुहेरी कड येते. फोटो हललेला दिसतो. दोन सेकंदांच्या पुढे गेलं की डोकं एका मध्यबिंदूभोवती बारीक झोके घेतं, ते एकमेकांवर चढतात आणि कड मऊ होते, पण डोळा डोळ्याच्या जागीच राहतो. चार सेकंदांपर्यंत चांगलं जमतं. आठच्या पुढे बहुतेकांची मान वाकते. लहान मुलांना दोनपेक्षा जास्त नको.

पापणी लवण्याची काळजी करू नका. एक उघडझाप सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असते. चार सेकंदांत ती हरवून जाते. हसू मात्र टिकत नाही. दुसऱ्या सेकंदाला ते ताणलेलं होतं आणि गालांचे स्नायू थरथरतात. त्या काळची पोर्ट्रेट गंभीर का, याचं एक कारण एवढंच साधं आहे.

बसवणं

समजा आजी बसल्या आहेत. पाठ नसलेलं स्टूल देऊ नका. लाकडी खुर्ची द्या आणि पाठीमागे घट्ट उशी, म्हणजे पाठीचा कणा टेकलेला राहील. त्या काळचे धंदेवाईक स्टुडिओ डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. त्याने माणूस स्थिर व्हायचा आणि ताठही. उशीने खांदे टेकतात, डोकं मोकळं राहतं.

फोकस हाताने, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठं करून, खिडकीकडच्या डोळ्याच्या पापणीवर. आधी आजींना बोलतं करा, मग गप्प बसवा, कारण बोलताना माणूस दोन-तीन सेमी पुढे झुकतो आणि गप्प झाला की मागे जातो. आपली पट्टी ४ सेमीची आहे. चुकलेल्या दहा फोटोंपैकी बहुतेकांत फोकस नाकाच्या शेंड्यावर गेलेला दिसला तर हेच झालंय. फोकस लावल्यावर लगेच शटर. मध्ये पदर सारखा करायला उठलात तर फोकस पुन्हा.

नजरेला एक ठोस जागा लागते. “समोर बघ” म्हटलं की डोळे भिरभिरतात. “आजी, श्वास सोड, आणि त्या खिडकीच्या वरच्या बिजागरीकडे बघत राहा,” असं सांगा. श्वास सोडून झाला की एक क्षण थांबा आणि मग शटर, तेही दोन सेकंदांच्या टायमरवर किंवा रिमोटने. बोटाने दाबलं तर कॅमेरा हलतो, आणि कॅमेरा हलल्याचा धूसरपणा लगेच ओळखू येतो: खुर्चीची कडसुद्धा हललेली असते. मोठ्याने आकडे मोजू नका, बसलेला माणूस मनात मोजायला लागतो आणि ते चेहऱ्यावर दिसतं.

एका बैठकीत बारा-पंधरा फोटो पुरे. पहिले चार फोटोसाठी बसलेल्या माणसाचे येतात. सातव्या-आठव्याला कंटाळा येतो, खालचा ओठ सैल पडतो, भुवया खाली येतात. त्यानंतरचे तीन-चार नीट तपासा.

निवडताना शंभर टक्के मोठं करून बघू नका. स्क्रीनवर हातभर अंतरावरून, अख्खा फोटो. कॅमेरॉनबाईंनी १८७४ साली लिहिलेल्या आठवणींत सांगितलंय की फोकस करताना डोळ्यांना जे सुंदर दिसलं तिथेच त्या थांबत, आणखी धारदार करायचा हट्ट धरत नसत. डोळ्यांतलं लुकलुकणं जागेवर असेल तर बाकी सुटलेलं चालतं. डोळेच गेले असतील आणि कान स्पष्ट असेल, तो फोटो टाकून द्या.

कागदावर

त्यांचे छाप अल्ब्युमेन कागदावर (अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला कागद), काचेच्याच आकाराचे, तपकिरी-जांभळ्या झाकेचे असत. अल्ब्युमेनला सिल्व्हर नायट्रेट लागतं. ते महाग आहे, हातांवर काळे डाग पाडतं आणि डोळ्यांत गेलं तर घातक. त्यापेक्षा हर्शेल यांचाच आधार घेऊ. हायपोने फोटो पक्का करता येतो हे ज्यांच्या संशोधनातून आलं ते हेच केस धुतलेले हर्शेल, आणि १८४२ साली सायनोटाइप (लोहाच्या क्षारांनी उन्हात फोटो छापायची पद्धत) शोधणारेही तेच. सायनोटाइप निळा येतो, पण चहाने त्याला गडद झाक देता येते.

१०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट; दुसऱ्या बाटलीत १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही तपकिरी बाटल्यांत वेगवेगळी ठेवा, वापरताना समसमान मिसळा. ए-५ कागदाला दीड-दोन मिली पुरतं. हातमोजे घाला, आणि फेरिसायनाइडमध्ये तीव्र आम्ल कधी मिसळू नका, तापवूही नका. कागद पूर्ण सुती, जलरंगाचा. मऊ ब्रशने आडवा-उभा हात, पिवळ्या बल्बच्या उजेडात, मग अंधारात वाळवा. पावसाळ्यात रात्रभर लागते. वाळल्यावर कागद पिवळा-पोपटी हवा. निळसर झाला असेल तर ओल किंवा उजेड लागलाय, वाया गेला.

फोटो उलट्या छटांचा, म्हणजे निगेटिव्ह करून, आडवा पलटवून ओएचपी फिल्मवर छापा. पलटवायचा कारण शाईची बाजू कागदाला चिकटून ठेवायची असते. नाहीतर फिल्मच्या जाडीइतका उजेड आडवा पसरतो. निगेटिव्ह नेहमीपेक्षा दणदणीत कॉन्ट्रास्टचा लागतो. फ्रेमच्या काचेखाली दाबून उन्हात ठेवा: मेच्या दुपारी ५-६ मिनिटं, डिसेंबरमध्ये त्याच्या दुप्पट. आधी दोन बोटं रुंद पट्टीवर चाचणी घ्या. सावल्यांना राखाडी, कांस्यासारखी झाक आली की झालं. चहाने रंगवायचं असेल तर पाव हिस्सा वेळ जास्त द्या, कारण चहाआधी वापरायचा धुण्याचा सोडा थोडा रंग खातो.

पहिलं धुणं लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून. बोअरचं पाणी बरेचदा अल्कधर्मी असतं आणि निळा उडवतं. फोटो धुता धुता फिका पडतोय अशी तक्रार असेल तर दोष उन्हाचाच असेल असं नाही, पाण्याचाही असू शकतो. मग साध्या पाण्यात दहा मिनिटं. पूर्ण वाळवून दुसऱ्या दिवशी लिटरभर पाण्यात छोटा चमचा धुण्याचा सोडा, त्यात २० ते ४० सेकंद. निळा फिका झाला की लगेच बाहेर काढून धुवा. नंतर अर्धा लिटर पाण्यात तीन मोठे चमचे चहापत्ती उकळून, गाळून, गार केलेल्या चहात अर्धा ते एक तास. दूध-साखर नको हे सांगायला नकोच. चहातलं टॅनिन लोहाशी जुळून काळपट जांभळा रंग देतं, आणि कागदही किंचित पिवळट होतो. हिरड्याच्या पुडीत टॅनिन भरपूर असतं. तिचा काढा जास्त गडद येतो, पण तो दोनदा फडक्यातून गाळा, नाहीतर चेहऱ्यावर कण बसतात.

ब्रशचे फटकारे, कडेला राहिलेला कोरा कागद, एखादा धुळीचा ठिपका राहू द्या. हे त्या कामात आपोआप घडलेले आहेत. संगणकावर ओरखडे घालू नका. छाप ओलसर असतानाच दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं ठेवली तर तो सपाट वाळतो. कॅमेरॉनबाई छाप पुठ्ठ्यावर चिकटवून खाली शाईने ‘फ्रॉम लाइफ’ लिहीत आणि सही करत. आपण खालच्या कोऱ्या पट्टीत पेन्सिलीने नाव, तारीख आणि किती सेकंद ते लिहावं.